ऐकणाऱ्याचें ऋण

दुसऱ्याच्या दुःखाचें गाणें ऐकून आमच्या डोळ्यांत पाणी आलें, म्हणजे त्या दुःखाविषयींचें आमचें कर्तव्य संपलें काय, हा प्रश्न वरवर पाहतां सोपा वाटतो. आणि 'नाहीं' असें त्याचें उत्तर बहुतेक सुशिक्षित माणसें तत्काळ देतील. परंतु हें उत्तर तोंडानें देणें निराळें, आणि त्या उत्तराप्रमाणें सकाळीं उठून वागणें निराळें. हा भेद आम्हांस कोणा ग्रंथकारानें शिकविला नाहीं. परभणी जिल्ह्यांतील पिंगळी या गांवीं एका रात्रीं आणि तिच्या पाठोपाठ आलेल्या पहांटे तो आमच्या पदरीं पडला. ती हकीकत सांगितल्यावांचून पुढील विवेचन पोकळ वाटेल, म्हणून प्रथम तीच सांगतों.

पिंगळी हें परभणीहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरील गांव. तेथें एका आप्ताच्या घरीं कार्यानिमित्त आम्ही गेलों होतों. रात्रीं जेवणें आटोपल्यावर घरांतील कॉलेजांत शिकणाऱ्या मुलांनीं संगणकाच्या पडद्यावर 'कोर्ट' हा चित्रपट लावला. चैतन्य ताम्हाणे या तरुण दिग्दर्शकानें कोणत्याही बड्या चित्रसंस्थेच्या आश्रयावांचून केलेला हा चित्रपट २०१४ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत गौरविला गेला, आणि पुढें सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें राष्ट्रीय पारितोषिकही त्यास मिळालें.

त्यांत नारायण कांबळे नांवाचा एक वृद्ध शाहीर आहे. त्याच्या एका गाण्यामुळें गटार साफ करणाऱ्या कामगारानें आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्यास भर कार्यक्रमांतून उचलून नेतात. खटला चालतो, तारखांमागून तारखा पडतात. मृत कामगाराची बायको साक्ष देते तेव्हां कळतें कीं, संरक्षणाचें कोणतेंही साधन न देतां त्याला विषारी वायूंत उतरविलें जात होतें. ज्यांनीं उतरविलें ते आरोपी नाहींत. ज्यानें त्याविषयीं गाइलें तो मात्र आरोपी आहे. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार हे धंद्यानें नट नव्हते, चळवळींत आयुष्य घालविलेले कार्यकर्ते होते. २०२१ मध्यें ते वारले. गाणीं लोकशाहीर संभाजी भगत यांचीं. चित्रपटांत खलपुरुष असा कोणीच नाहीं. सरकारी वकीलबाई लोकलगाडीनें घरीं जाते, स्वयंपाक करते, कुटुंबासह नाटकास जाते; तें नाटक परप्रांतीयांस हांकलून देण्याचें आहे, आणि सारें प्रेक्षागृह त्यावर पोटभर हंसतें.

आमचेही डोळे पाणावले. बाहेरचा म्हणून ज्याला समाजानें दूर ठेविलें, त्याच्या गाण्यांत केवढें सामर्थ्य असतें, यावर मुलांस दोन शब्द सांगून आम्ही समाधानानें निजलों.

पहांटे, अंधार असतांनाच, कुडमुड्याचा आवाज आला. हातांत कंदील घेऊन पिंगळा दारीं आला होता. कुटुंबाचें भविष्य आणि आशीर्वाद तो लयींत म्हणूं लागला. थंडीचे दिवस होते. आम्हीं पांघरूण डोक्यावर ओढून घेतलें, आणि 'आतां पुढें जावें यानें' एवढाच विचार आमच्या मनांत आला. घरांतील वृद्ध आत्याबाई मात्र उठल्या, सुपांत ज्वारी घेऊन बाहेर गेल्या, आणि ती त्याच्या झोळींत घालून परतल्या. सकाळीं चहा घेतांना आम्हीं त्यांस त्याचें नांव विचारलें. त्या म्हणाल्या, "पिंगळाच की तो! दरसाल येतोय. त्येला आनि नांव कशाला पायजे?"

एकाच रात्रीं आम्हीं दोन गाणारे ऐकिले होते. पहिला पडद्यावरचा, त्याच्यासाठीं आम्ही रडलों. दुसरा अंगणांतला; त्याच्यासाठीं आम्ही उठलोंही नाहीं. पहिल्यानें आमच्याजवळ कांहीं मागितलें नव्हतें, दुसऱ्यानें पसाभर धान्य मागितलें होतें, हें यांतील इंगित आहे काय?

गाणें आंत घ्यावें आणि गाणारा बाहेर ठेवावा, ही आमच्या समाजाची जुनी रीति आहे. चोखोबांचे अभंग वारकरी शतकानुशतकें भक्तीनें गात आले. चोखोबांची समाधि मात्र पंढरपुरास महाद्वाराबाहेर आहे. परंपरेप्रमाणें चोखोबा १३३८ सालीं गेले. अस्पृश्य मानलेल्यांस विठ्ठलमंदिराचें दार उघडलें तें १९४७ मध्यें, सानेगुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे अभंग आणि अभंग रचणाऱ्याचे जातभाई यांच्या मंदिरप्रवेशांत सहा शतकांचें अंतर पडलें. याच परभणी जिल्ह्यांतील गंगाखेडची जनाबाई नामदेवांच्या घरीं दासी म्हणून राबली. तिचीं पदें आवडीनें गाणाऱ्या किती घरांनीं आपल्या मोलकरणीस बसावयास पाट दिला असेल?

यावर कोणी म्हणेल कीं, धान्य वांटणें हें कलेचें काम नव्हे. मन हलविणें एवढेंच तिचें काम. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. किंबहुना कला आणखीही एक काम करते: ती साक्ष जपून ठेवते. ११ जुलै १९९७ रोजीं मुंबईंत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरांत, डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याच्या विटंबनेवरून जमलेल्या लोकांवर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत १० माणसें मेलीं. त्या दुःखानें शाहीर विलास घोगरे यांनीं कांहीं दिवसांतच आपलें जीवन संपविलें. आनंद पटवर्धन यांनीं आपल्या १९८५ च्या मुंबईविषयींच्या अनुबोधपटांत घोगऱ्यांचें गाणें घेतलें होतें. पुढें १४ वर्षें खपून त्यांनीं 'जय भीम कॉम्रेड' हा तीन तासांहून मोठा अनुबोधपट २०११ सालीं पुरा केला, आणि त्याचा आरंभ या शाहिरापासून केला. ज्याचें गाणें आपण घेतलें त्याच्या मरणाकडे पाठ फिरवितां येत नाहीं, हें ज्यास कळलें तो कलावंत ऋण जाणतो. पण हें ऋण एकट्या कलावंताचें नव्हे; जो ऐकतो त्याचेंही तें आहे.

प्रेक्षकांचे अश्रु आणि दुःखिताचा हक्क यांच्यामध्यें किती वाट असते, हें इंग्लंडांतील एका उदाहरणावरून दिसतें. १९६६ च्या नोव्हेंबरांत केन लोच यांनीं दिग्दर्शित केलेलें 'कॅथी कम होम' हें बेघर कुटुंबाचें नाट्य बी. बी. सी. च्या दूरचित्रवाणीवर सुमारें १ कोटी २० लक्ष लोकांनीं पाहिलें. देश हळहळला, वर्तमानपत्रें भरलीं. बेघरांस निवारा देण्याचें कर्तव्य स्थानिक मंडळांवर घालणारा कायदा मात्र १९७७ मध्यें झाला. मधलीं ११ वर्षें रडण्यानें गेलीं नाहींत. तीं सभा, वर्गणी, अर्ज आणि चिकाटी यांत गेलीं.

आमच्याकडे तर कायदा होऊनही वाट संपत नाहीं. संरक्षणावांचून माणसास गटारांत उतरविण्यास २०१३ च्या कायद्यानें बंदी केली. २०१४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें अशा मृत्यूबद्दल १० लक्ष रुपयांची भरपाई ठरविली. २०२३ मध्यें ती ३० लक्ष करावी लागली, कारण मृत्यु थांबले नव्हते. उलट, गाणाऱ्यास पकडण्यासाठीं आमच्या कायद्यास फारसे सायास पडले नाहींत. १९५९ च्या मुंबई भीक प्रतिबंधक कायद्यानें सार्वजनिक जागीं गाऊन, नाचून किंवा भविष्य सांगून दान घेणें हें भीक मागण्याच्या व्याख्येंतच घातलें. दिल्लींत लागू असलेल्या या कायद्याचीं कित्येक कलमें तेथील उच्च न्यायालयानें २०१८ मध्यें घटनाबाह्य ठरविलीं; पण त्या व्याख्येमागील वृत्ति कोणत्याही निकालानें रद्द होत नाहीं. पांघरुणाखालीं आम्ही जें मनांत म्हणालों, तें त्याच व्याख्येचें घरगुती रूप होतें.

मग आत्याबाईंची ज्वारी हेंच खरें उत्तर काय? आमच्या अश्रूंहून ती निःसंशय श्रेष्ठ होती; थंडींत उठण्याचे कष्ट तरी तींत होते. परंतु तीही उंबऱ्याबाहेर, झोळींत पडली. दरवर्षीं येणाऱ्या माणसाचें नांव त्या घरास ठाऊक नव्हतें. दयेस नांवाची गरज पडत नाहीं, न्यायास पडते. मतदारयादींत, शाळेच्या पटांत, शिधापत्रिकेवर, न्यायालयाच्या कागदांत माणूस नांवानेंच उभा राहतो. ज्याला आम्ही केवळ 'पिंगळा', 'शाहीर' किंवा 'कामगार' म्हणून ओळखतों, त्याच्यावर आम्ही कृपा करूं शकतों; तो हक्क मागूं लागला कीं मात्र गोंधळतों, कारण आमच्या मनांत त्याला तसें उभें राहण्यास जागाच नसते.

म्हणून आमचें मत असें आहे कीं, ऐकणाऱ्याचें ऋण तीन हप्त्यांनीं फिटतें. पहिला, गाणाऱ्याचें नांव विचारावें. दुसरा, त्याच्या कलेचा मोबदला दान म्हणून नव्हे तर देणें म्हणून द्यावा. तिसरा आणि सर्वांत कठीण, त्यानें आमच्याच विरुद्ध गाइलें तरी तें ऐकून घ्यावें, आणि त्यापायीं त्याला कोणी पकडून नेऊं लागल्यास गप्प बसूं नये. यांतील एकही हप्ता काळोखांत डोळे पुसून फिटत नाहीं. चित्रपटानें आमच्यावर उपकार केला तो रडविण्याचा नव्हे; 'आम्हांस ठाऊक नव्हतें' असें म्हणण्याची सोय त्यानें काढून घेतली, हा.

पिंगळीहून परततांना त्या गाणाऱ्याचें नांव विचारून कळविण्यास आम्हीं घरांतील मुलांस सांगितलें. तो आतां पुढील हंगामींच येईल, असें त्यांनीं सांगितलें. तें नांव अद्याप आम्हांस कळलेलें नाहीं. आणि हा लेख त्या उणिवेची भरपाई नव्हे, एवढें आम्ही जाणतों.