न सापडणे आणि नसणे

देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींच्या कचेरीत जमाखर्च पाहणाऱ्या तरुण एकनाथांनी एका पैची चूक शोधण्यासाठी सारी रात्र जागून काढली आणि ती सापडताच आनंदाने टाळी वाजवली, ही परंपरेने जपलेली आख्यायिका आम्हां संभाजीनगरकरांच्या कानांवर बालपणापासून पडलेली असते. पोस्टग्रेस डेटाबेसशी पायथॉनची गाठ घालून देणारा सायकोपीजी-२ हा मुक्तस्रोत ड्रायव्हर मी मूळ संहितेवरून बांधला, आणि लिनक्सवर निर्वेध चालणारा तो विंडोजवर इम्पोर्ट होताच 'मॉड्यूल सापडत नाही' असा निरोप देऊन थांबला, तेव्हा त्या जागरणाचा अर्थ मला प्रथम उमगला.

कारण ज्या फाइलचे नाव निरोपात होते, ती डोळ्यांसमोर होती. न सापडलेली होती ती तिला आधारभूत असलेली लिबपीक्यू ही पोस्टग्रेसची लायब्ररी, आणि तीही डिस्कवर विद्यमानच होती. पायथॉनच्या ३.८ या आवृत्तीपासून, म्हणजे २०१९ पासून, अशा आधारभूत फाइलींचा शोध विंडोजवर 'पाथ' या प्रणाली-चलात नोंदलेल्या फोल्डरांत घेतला जात नाही. ते फोल्डर वेगळ्या आज्ञेने स्पष्ट कळवावे लागते. ती एक ओळ लिहिताच काम झाले.

न सापडणे आणि नसणे यांतला हा भेद आपल्या दर्शनांना जुनाच परिचित आहे. मीमांसक कुमारिल भट्टांनी अनुपलब्धीला, म्हणजे वस्तू न आढळण्याला, स्वतंत्र प्रमाण मानले, नैयायिकांनी मानले नाही. पण नुसते न दिसणे अभाव सिद्ध करीत नाही, वस्तू असती तर तेथे दिसलीच असती अशी योग्यता आधी असावी लागते, हा दंडक दोघांनाही मान्य आहे. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, एवढ्यावरून घट नाही असे कोण म्हणेल? ईश्वर कोठे आढळला नाही म्हणून तो नाहीच, असा निवाडा देणाऱ्याने आपण कोठे पाहिले आणि तेथे तो दिसण्याजोगा होता काय, हे आधी सांगितले पाहिजे. अर्थात एवढ्याने ईश्वर सिद्ध होत नाही, हेही तितक्याच प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. लिबपीक्यू तरी मला डिस्कवर दाखवता आली.

म्हणून अशा ड्रायव्हरची दुरुस्ती पाठवणाऱ्यांना माझी विनंती आहे की, केवळ 'फाइल सापडली नाही' एवढेच न लिहिता कोणत्या प्रणालीवर, कोणती फाइल आणि कोठे कोठे शोधली गेली, एवढे अवश्य नोंदवावे.