पेढा उचलताना

२४ सप्टेंबर २०२४ची सकाळ. कासू स्टेशनवर दिव्याकडे जाणारी मेमू पकडली. रुळांच्या दोन्ही अंगांना भाताच्या लोंब्या बाहेर पडल्या होत्या. डब्यात एकच विषय होता. आदल्या संध्याकाळी बदलापूरच्या बालवाडीतल्या मुलींवरील अत्याचाराच्या प्रकरणातला आरोपी पोलिसांच्या गोळीने मेला होता. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनी पेढ्यांचा बॉक्स उघडला आणि डबाभर फिरवला. माझ्यापुढे आला तेव्हा मीही एक उचलला. त्याचा चिकटपणा अजून बोटांना जाणवतो.

आरोपीला तळोजा कारागृहातून व्हॅनने नेत होते. मुंब्रा बायपासजवळ त्याने पोलिसाचं पिस्तूल हिसकावून गोळ्या झाडल्या, एक अधिकारी मांडीला गोळी लागून जखमी झाला, म्हणून दुसऱ्याने स्वसंरक्षणासाठी गोळी झाडली, असं पोलिसांचं म्हणणं. ती आरोपीच्या डोक्यात लागली. दोनच दिवसांनी मुंबई उच्च न्यायालयाने विचारलं, हात किंवा पाय सोडून डोक्यातच का?

स्वसंरक्षणाचा हक्क देताना कायद्याने हात आखडता घेतलेला नाही. जिवावर बेतलं असताना हल्लेखोराचा जीव गेला, तरी भारतीय न्याय संहितेचं कलम ३८ बचाव करणाऱ्याच्या पाठीशी उभं राहतं. भेदरलेल्या माणसाची कृती सोन्याच्या काट्यावर तोलू नये, असं सर्वोच्च न्यायालयही सांगत आलं आहे. पण कलम ३७ची अट आहे, बचावाला लागेल तेवढीच इजा. ज्याला फक्त वाचायचं आहे, त्याचं काम समोरच्याचा हात थांबला की संपतं. ज्याला संपवायचंच आहे, त्याचं तिथे संपत नाही. मन काही उघडून पाहता येत नाही, म्हणून जखमेची जागा, गोळीचं अंतर, पिस्तुलावरचे ठसे तपासावे लागतात. जानेवारी २०२५मध्ये या मृत्यूच्या चौकशीचा दंडाधिकाऱ्यांचा अहवाल उच्च न्यायालयापुढे आला. बळाचा वापर समर्थनीय नव्हता असं म्हणत त्यात व्हॅनमधल्या पाचही पोलिसांना जबाबदार धरलं होतं. अहवाल म्हणजे निकाल नव्हे. गोळी झाडणाऱ्या अधिकाऱ्याच्या मनात काय होतं, ते मी ठरवणार नाही.

माझ्या मनात काय होतं, ते मला पक्कं ठाऊक आहे. पोलिसाचा जीव वाचला म्हणून मी पेढा उचलला नव्हता. आरोपी मेला म्हणून उचलला. जखमी अधिकारी कसा आहे, हे डब्यात कुणी विचारलंसुद्धा नाही. मारण्याचा हेतू आमच्या त्या डब्यात होता, हे मला आज लिहून टाकायचं आहे.

राग खोटा नव्हता. बालवाडीतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाल्याची तक्रार होती, ती नोंदवून घ्यायला पोलिसांनी उशीर केला, म्हणून २० ऑगस्टला बदलापूरला माणसं रुळांवर उतरली होती.

आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला तिथेच संपतो. त्या दोन मुलींना त्याच्याविरुद्धचा निकाल आता कधीच मिळणार नाही.