दुखणं थांबलं, मग राखण कोणाची?

अकोले तालुक्याच्या पश्चिमेला घाटघर, साम्रद, रतनवाडी या गावांना बाजारासाठी आणि दवाखान्यासाठी राजूर गाठावं लागतं. तिकडच्या एखाद्या लेकराची दाढ किडली, तर डॉक्टर भुलीचं इंजेक्शन देऊन ती काढतात. पोर रडत नाही, आई निर्धास्त होते. घरी गेल्यावर मात्र त्याचा ओठ सुजून रक्ताळलेला दिसू शकतो. औषध बाधलं, असं घरच्यांना वाटतं. खरं तर बधिर ओठ पोरानंच चावलेला असतो.

लिग्नोकेन या औषधाची भूल दातातून तास-दीड तासात उतरते, पण ओठ आणि जीभ तीन ते पाच तास जड राहतात. भुलीचे इतरही त्रास आहेत. सुईच्या धास्तीनं घेरी येते. जबडा आखडतो. औषध भलत्या जागी गेलं तर अर्धा चेहरा काही तास लुळा पडतो. क्वचित मज्जातंतू दुखावून जीभ कित्येक महिने बधिर राहते. मात्रा फार वाढली तर झटके येतात.

मग वेदना सोसावी हेच बरं का? ‘भोग आहेत, भोगायचे’ असं म्हणणारी माणसं घरोघरी भेटतात. गीतेचा दुसरा अध्यायही सुखदुःख सोसायला सांगतो. पण तो उपदेश अर्जुनाला आहे, आपलं मन आपणच आवरू पाहणाऱ्याला. दुसऱ्याच्या, त्यातही लेकराच्या दुखण्यावर तो लादता येत नाही. 1847 साली एडिंबरोच्या डॉक्टर जेम्स सिम्पसननं बाळंतपणात क्लोरोफॉर्म वापरला. धार्मिक आक्षेपांना त्यानं बायबलमधूनच उत्तर दिलं: आदमची फासळी काढण्याआधी ईश्वरानं त्याला गाढ झोपवलंच होतं.

वेदना घालवण्यात पाप नाही. तरीही तिचं एक काम असतं. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिलं, की कुष्ठरुग्णांची बोटं झडतात ती मुख्यतः संवेदना गेल्यामुळे. भाजलेलं, कापलेलं त्यांना कळतच नाही. वेदना शरीराची राखण करत असते.

म्हणून जो ती थांबवतो, त्याच्याकडे ही राखण येते. मुलाचं वजन करून मात्रा ठरवणं, हृदयविकार आणि चालू औषधं विचारणं, ‘ओठाचा जडपणा जाईपर्यंत खायला देऊ नका, पोराकडे लक्ष ठेवा’ असं आईला तिच्या बोलीत सांगणं, हा सगळा उपचाराचाच भाग आहे. महिन्यानंतरही जीभ बधिर असेल, तर त्या रुग्णाला पुन्हा तपासणं आणि त्याच्या तक्रारीवर विश्वास ठेवणं, हेही त्यातच येतं.