वर्गणी

(शारजातले दोन शेजारी. नाना एका बांधकाम कंपनीत निवृत्तीला आलेले अकाउंटंट, वहिनी नर्स. दुबईच्या सोनापूर वस्तीत लातूरकडचा एक प्लंबर झोपेतच गेला. आला होता व्हिजिट व्हिसावर, राबत होता एका ठेकेदाराकडे.)

वहिनी : ग्रुपवर मेसेज टाकते, नाना. माणशी पन्नास दिरहॅम निघाले तरी मयत गावी पोचेल.

नाना : टाकू नका. परवान्याशिवाय देणग्या गोळा करणं इथे गुन्हा आहे. २०२१चा कायदाच आहे तसा.

वहिनी : त्याची बायको सारखी फोन करते. तिला कलम वाचून दाखवू?

नाना : तो कायदा ठेवा बाजूला. कामगार मेला तर त्याला मायदेशी पाठवायचा खर्च मालकाचा, हाही इथलाच कायदा. आपण पैसे भरले की ठेकेदार हात झटकून मोकळा. उद्या आणखी चारजण असेच आणेल.

वहिनी : तो आत्ताच मोकळा आहे! ‘हा माझा माणूस नव्हताच’ म्हणतो. करार नाही, काही नाही. तुम्हाला ठेकेदाराला अद्दल घडवायचीय, आणि तोवर शवागारात पडून राहायचं कुणी? त्या बाईच्या नवऱ्यानं.

नाना : ...हे लागलं मला.

वहिनी : अजमानचे अश्रफ थामरसेरी बघा. मूळचे केरळचे. हजारो मृतदेह त्यांनी घरी धाडले, ना जात विचारली ना देश. आधी जबाबदारी कुणाची ते ठरवत बसले असते, तर?

नाना : पण तेच अश्रफ भांडलेही. एअर इंडिया पेटीचं भाडं वजनावर लावायची. मेलेल्या माणसाला मालासारखं तोलायचं! लोकांनी ओरड केली, तेव्हा २०१९मध्ये सरसकट दर झाला, प्रौढाला दीड हजार दिरहॅम. सगळे मुकाट्याने पैसे भरत राहिले असते तर काटा हलला नसता.

वहिनी : ओरड चालू होती तेव्हा पेट्या पाठवणं अश्रफनी थांबवलं होतं का?

नाना : नाही.

वहिनी : मग?

नाना : मग मेसेज नको, अर्ज करू. कॉन्सुलेटच्या पासपोर्टच्या कामाला आठ दिरहॅम जास्तीचे घेतात ना? ते भारतीय समुदाय कल्याण निधीत जातात. गरजूचा मृतदेह घरी पाठवणं हे त्या निधीचंच काम. वर्गणी आपण कधीच भरलीय, वहिनी. आता मागायची.

वहिनी : आणि अर्ज रखडला तर?

नाना : तर पैसे माझ्या खिशातून जातील. पण ठेकेदाराविरुद्ध तक्रार आधी नोंदवायची. ती बाई पुढेमागे भरपाई मागायला उभी राहिली, तर हातात एक कागद तरी हवा.

वहिनी : तेवढ्यानं ठेकेदार सुधारेल?

नाना : नाही सुधारणार. चला, मृत्यूचा दाखला काढू. तो मिळाल्याशिवाय कॉन्सुलेट पासपोर्ट रद्द करत नाही, आणि पासपोर्ट रद्द झाल्याशिवाय पेटी विमानात चढत नाही.