जपणूक आणि अडवणूक

मृगाचा पाऊस लागला की आपल्याकडे घरोघरी एक काम न चुकता होते. चामड्याचे बूट आणि कोल्हापुरी चपला पायांतून उतरतात आणि माळ्यावर, पलंगाखाली नाहीतर ट्रंकेत जाऊन बसतात. रबरी चपला बाहेर येतात. पाऊस सरला की हाच क्रम उलटा होतो. एवढ्याशा कामात नीतीचा प्रश्न कोठून आला, असे कोणी विचारील. आम्हाला मात्र तो तेथे दिसतो. वस्तू जपून ठेवणे आणि वस्तू अडवून ठेवणे यांतली सीमारेषा नेमकी कोठे असते?

आधी जपणुकीची बाजू पाहू. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले असते. ते पाण्याने फुगते आणि वाळल्यावर कडक होते. म्हणून ठेवण्यापूर्वी चिखल पुसावा, जोडा सावलीत वाळवावा, कारण कडक उन्हात कातडे तडकते. बुटात रद्दीचे बोळे भरावेत. आकार टिकतो आणि ओल शोषली जाते. प्लास्टिकच्या पिशवीत बांधू नये. आतली ओल आतच कोंडते आणि बुरशी धरते. जुन्या सुती कापडात गुंडाळावे आणि उघडीप मिळाली की हवा द्यावी. ही मेहनत म्हणजे कंजूषपणा नव्हे. त्या जोड्यात एका जनावराचे कातडे आहे, ते कमावणाऱ्याचे आणि शिवणाऱ्याचे श्रम आहेत. त्यांची कदर करणे हाही शुक्रगुजारीचाच एक प्रकार आहे.

पण जपणुकीलाही मर्यादा आहे आणि ती खुद्द वस्तूच घालून देते. आजकालच्या पुष्कळ बुटांचे तळवे पॉलियुरेथेनचे असतात. हवेतल्या दमटपणाने हे द्रव्य हळूहळू विघटित होते. चार-सहा वर्षे खोक्यात ठेवलेला नवाकोरा बूट बाहेर काढावा, तर पहिल्या चार पावलांतच तळव्याचा भुगा होतो. एकदाही न घातलेला जोडाही असा संपतो.

मुलांच्या बाबतीत तर बूट शाबूत राहतो आणि पाय पुढे निघून जातो. रमजान ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते. २०१५, २०१६ आणि २०१७ या तिन्ही वर्षी ती जून-जुलैत, पावसाळ्यात आली. ईदचे नवे बूट नमाजेपुरते पायात चढले आणि घरी येताच खोक्यात गेले. थंडीत खोके उघडले तेव्हा ज्याच्यासाठी ते घेतले, त्या मुलाची टाच आत जाईना, असे अनेक घरांनी पाहिले असेल. शाळेतही हेच घडते. २०२३ मध्ये राज्य शासनाने सरकारी आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या शाळांतील मुलांना गणवेशासोबत एक जोडी बूट देण्याचा निर्णय घेतला. बूट हाती आले तरी ‘खराब होतील’ म्हणून ते पेटीत ठेवायचे आणि मुलाला झिजलेल्या चपलेवर धाडायचे, ही रीत आम्हा शिक्षकांच्या ओळखीची आहे.

त्या आईला दोष देणे सोपे आहे. पण जिच्या घरात दुसरा जोडा येण्याची खात्री नाही, तिची भीती खोटी नसते. शिवाय तिच्या हिशेबात बहुधा धाकटा भाऊ असतो, चुलत बहीण असते. पुढच्या वर्षी तो बूट कोणाच्या पायात जाणार, हे तिला ठाऊक असते. याउलट आपल्यासारख्या पगारदारांच्या माळ्यावर चार-चार खोकी पडून असतात आणि त्यांतला जोडा कोणाची वाट पाहतो, हे घरात कोणालाच सांगता येत नाही. तेव्हा जोड्यांची संख्या मोजून अडवणूक ठरत नाही. कोणाच्या तरी पायासाठी ठेवलेली वस्तू ही अमानत आहे. कोणाच्याच पायासाठी नसलेली वस्तू, कितीही नीट गुंडाळली तरी, अडवलेलीच आहे.

मग ‘कधीतरी लागेल’ याचे काय? आमच्या मते या ‘कधीतरी’ला मुदत हवी. एक मोसम हा भरपूर अवधी आहे. जो जोडा एक अख्खा मोसम वापराविना गेला, तो दुसऱ्या मोसमासाठी पुन्हा बांधण्यापूर्वी ज्याच्या मापाचा असेल त्याला द्यावा. देतानाही तो पुसून, पॉलिश करून, नवी नाडी ओवून द्यावा. जे आपण स्वतः घातले नसते ते दुसऱ्याच्या पायात घालणे म्हणजे देणे नव्हे, घर झाडणे आहे. आणि तळव्याचा भुगा होण्याआधी द्यावा. उशिराच्या दानात घेणाऱ्याच्या वाट्याला केवळ खोके येते.

यंदा जोडे बांधताना प्रत्येक खोक्यावर एक नाव लिहून पाहावे. ज्या खोक्यावर नाव सुचणार नाही, ते माळ्यावर चढवू नये.