बोटांपलीकडचा आमवात

सकाळी बोटं तासभर वळत नाहीत, तेव्हा घरात म्हणतात, वात आहे, शेक घ्या. पण आमवात, म्हणजे रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, सांध्यांपाशी थांबत नाही. शरीराची संरक्षक यंत्रणाच उलटते. तिचा दाह रक्तवाहिन्यांच्या अस्तरालाही पोचतो, तिथे थर साचतात, गुठळी होते आणि मेंदूचं रक्त अडलं की पक्षाघात. म्हणूनच युरोपातल्या संधिवाततज्ज्ञांनी या रुग्णांच्या हृदय-रक्तवाहिन्यांचा धोका मोजताना आलेला आकडा दीडपट धरायला सांगितलं. गंमत अशी, की दाह जोरात असताना कोलेस्टेरॉल उलट कमी दिसू शकतं! त्या रिपोर्टवर निर्धास्त राहू नये. परस्पर आणलेल्या वेदनाशामक गोळ्या रक्तदाब वाढवू शकतात, ते वेगळंच. पुढच्या खेपेला डॉक्टरांना बोटं दाखवाल, तेव्हा रक्तदाबही मोजून घ्या.