संज्ञेची पारदर्शकता

कर्जत स्थानकात पुण्याकडे जाणाऱ्या बहुतेक गाड्यांना मागून जादा इंजिने जोडली जातात. बोरघाटाचा ३७ फुटांत एक फुटाचा चढ ती गाडीला चढवून देतात. त्यांना ‘बँकर’ म्हणतात. मराठी कानाला या शब्दात पेढीच ऐकू येते. मूळ इंग्रजीत येथे ‘बँक’ म्हणजे चढ. तरीही या संज्ञेने कोणाची दिशाभूल होत नाही, कारण तिच्यावरून कोणी काही अनुमानच काढत नाही.

त्याच फलाटावर हेडफोन लावून उभ्या असलेल्या प्रवाशाला विकलेल्या संज्ञांचे तसे नाही. सेनहायझर कंपनीने १९६८ साली ‘एचडी ४१४’ हा ‘ओपन’, म्हणजे खुला, हेडफोन बाजारात आणला. येथे खुले असते ते ध्वनिपटलामागचे आवरण. आवाज त्यातून आत येतो, तसाच बाहेरही जातो. रचनेचे वर्णन म्हणून हे निर्दोष आहे. परंतु खुले मन, खुली चर्चा अशा प्रयोगांतून या शब्दाला आलेले नैतिक वजन आवरणावरून ऐकणाऱ्याकडे सरकते, आणि शेजाऱ्यावर आपले गाणे लादणाराच ‘खुला’ ठरतो. (आपल्या समीक्षेत कथानकाचे ‘बंदिस्त’पण लेखकाच्या जीवनदृष्टीला चिकटवले जाते, तेही असेच, न तपासता.)

‘नॉइज कॅन्सलिंग’मध्ये बाहेरचा आवाज पुसला जात नाही; त्याच्या नेमक्या उलट लहरींचा दुसरा आवाज त्यात मिसळला जातो. लोकलची सलग घरघर विरते, वडेवाल्याची हाक बरीचशी उरते. शांतता येथे बेरजेने येते, आणि तीही निवडक.

सर्वांत आक्षेपार्ह संज्ञा ‘ट्रान्स्परन्सी’, म्हणजे पारदर्शकता. कळ दाबताच मायक्रोफोन भोवतालचे आवाज टिपतो, त्यांवर प्रक्रिया करतो आणि कानात पुन्हा वाजवतो. ही काच नव्हे, चित्र आहे. वास्तववादी कादंबरीबाबत हा भेद आपण मोठ्या कष्टाने शिकलो. येथे तो एका कळीखाली नाहीसा होतो. माध्यमच नाही असे सांगणारे माध्यम आपल्या निवडीची जबाबदारी कोणाकडेच ठेवत नाही. घाटाकडे निघालेल्या इंजिनाचा भोंगा या प्रवाशाला यंत्राकरवीच ऐकू येतो, पण जग आपल्याला थेट ऐकू येत आहे अशी त्याची खात्री असते. ज्याच्या हेडफोनला नुसते ‘बंद’ म्हटले आहे, त्याला रूळ ओलांडण्यापूर्वी मान वळवून पाहण्याचे कारण तरी उरते.